रंग बदलला, मग?

छोटे, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ताई, जंतूच जंतूंना पकडून देणार, विचार कर!" हे म्हणताना तुझा आवाज असा काही चढला होता की तुझ्या भाऊजींनी हातातला पेपर खाली ठेवला. एमएस्सीच्या प्रोजेक्टला रोगजंतू ओळखणारे जिवाणू हाच विषय घ्यायचं तू ठरवून टाकलंयस, आईला "स्थळांचं पुढच्या वर्षी बघू" असं परस्पर सांगून मोकळीही झालीस, आणि आता मी काय म्हणते ते तुला हवंय. मी म्हणते, घे. विषय छान आहे. पण त्यातल्या काही गोष्टी तुझे गाइड सांगतीलच असं नाही. मी दूध संघाच्या लॅबमध्ये बसते, माझी सकाळ-संध्याकाळ जंतूंच्याच मागे जाते, तेव्हा थोडं माझंही ऐक.

आधी ह्या विषयाचा दबदबा डोक्यातून काढ. जिवाणूंना पहाऱ्यावर बसवणं ही काही फक्त बोस्टन-सिंगापूरची मक्तेदारी नाही. आपल्या नगर जिल्ह्यात जिथे जिथे टँकरनं दूध येतं, तिथे हा उद्योग रोज चालतो. तू सुट्टीत लॅबला आली होतीस तेव्हा तुला निळ्या नळ्या दाखवल्या होत्या, आठवतंय? 10 मिली दूध, 1 मिली मिथिलीन ब्लू, बूच लावून 37 अंशाच्या वॉटर बाथमध्ये. दुधात जंतू जितके जास्त तितका ते ऑक्सिजन लवकर संपवतात, आणि निळा रंग उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात पांढरं पडलं तर त्या सेंटरचं दूध बाजूला. यात आपण जंतूंना काहीच शिकवलेलं नसतं, ते आपणहून कबुली देतात.

दुसरी चाचणी तुझ्या विषयाच्या आणखी जवळची. दुधात अँटिबायोटिक उतरलंय का ते बघायला डेल्व्होटेस्टच्या कुप्या येतात. कुपीत जांभळी जेली असते, आणि तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू झोपलेले असतात. वरून थेंबभर दूध घालायचं, 64 अंशाला साधारण तीन तास ठेवायचं. दूध स्वच्छ असेल तर बीजाणू जागे होतात, वाढतात, आम्ल करतात आणि जेली पिवळी होते. गाईच्या कासेला दगडी झाली, डॉक्टरनं सडात पेनिसिलीनची ट्यूब सोडली, आणि मालकानं दूध बाजूला काढायचे दिवस न पाळता ते तसंच डेअरीला घातलं, तर जिवाणू वाढतच नाहीत. जेली जांभळीच राहते. एका टँकरमागे किती घरांचे पैसे अडकतात ते तू बघितलंयस, त्यामुळे त्या कुपीकडे आम्ही सगळे कसे टक लावून बसतो हे तुला वेगळं सांगायला नको.

म्हणजे जिवंत जिवाणूच्या रंगावरून निर्णय घ्यायचा, हे आपल्याकडे मुरलेलं आहे. तुझ्या विषयात नवं इतकंच, की जिवाणूला जे मुळात ओळखता येत नाही ते ओळखायला लावायचं. त्याला तीन तुकडे लागतात: समोरच्या रोगजंतूचा रेणू धरणारं प्रथिन, ते प्रथिन जागं झालं की चालू होणारा प्रमोटर, आणि त्यापुढे रंग किंवा प्रकाश देणारं जनुक. कागदावर हे बाण काढायला संध्याकाळ पुरते. पेट्रीच्या बशीत उतरवायला वर्ष जातं.

रोगजंतू ओळखायचे कशावरून, तर त्यांच्या आपापसातल्या बोलण्यावरून. 1970 साली नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंवर काम केलं. ते जिवाणू विरळ असताना अंधारात, दाटी झाली की उजेडात. प्रत्येक जण एक छोटा रेणू बाहेर सोडत असतो, तो पुरेसा साठला की सगळ्यांना कळतं आपण किती आहोत ते. पुढे कळलं की रोगजंतूही हेच करतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा घे, जळालेल्या जखमांत आणि दवाखान्यातल्या नळ्यांत ठाण मांडणारा. एकटादुकटा असताना गरीब गाय. कोरम भरला की मात्र ग्रामसभेत ठराव व्हावेत तसे सगळे मिळून विषं सोडायला आणि चिकट थर बांधायला लागतात. 2011 साली सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या गटानं ह्याच रेणूवर कान ठेवणारा ई. कोलाय तयार केला. स्यूडोमोनासचा रेणू लागला की हा ई. कोलाय त्याला मारणारं पायोसिन बनवतो आणि मग स्वतः फुटून ते बाहेर सोडतो. बशीत काम झालं. काही वर्षांनी उंदरांतही झालं.

पण तुला खरी आवडेल ती पटकीची गोष्ट.

पटकीचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, ह्या बाबतीत उलट्या डोक्याचा आहे. तो संख्येनं कमी असताना विष करतो, आणि दाटी झाल्यावर विष बंद करून आतड्यातून बाहेर पडायच्या तयारीला लागतो. साहजिक आहे, त्याला पुढच्या पाण्यात जायचं असतं. त्याचा तो दाटीचा रेणू म्हणजे सीएआय-1. 2010 साली अमेरिकेत कॉर्नेलच्या डुआन आणि मार्च ह्या दोघांनी एक बेरकी युक्ती केली. त्यांनी निसल नावाचा निरुपद्रवी ई. कोलाय घेतला. हा 1917 साली आल्फ्रेड निसल ह्या जर्मन डॉक्टरनं एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला, आजूबाजूचे सगळे हगवणीनं आडवे झाले असताना हा सैनिक मात्र ठणठणीत होता म्हणून. तर त्या निसलला सीएआय-1 बनवायला लावलं आणि उंदरांच्या पिल्लांना आधी पाजलं. मग आलेल्या पटकीच्या जंतूंना वाटलं, अरे, इथे तर आधीच गर्दी झालीय. विष कमी झालं, पुष्कळ पिल्लं वाचली. मला हा प्रयोग फार आवडतो. मारामारी नाही, नुसती थाप.

आणि 2018 साली एमआयटीच्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटानं जे केलं, ते वाचून मी आमच्या लॅबमधल्या सगळ्यांना चहाच्या वेळी सांगत सुटले होते. त्यांनी घेतला लॅक्टोकॉकस लॅक्टिस. अगं, आपल्या विरजणातला! आईच्या ताकाच्या बरणीत जो असतो त्याच जातीतला. त्यात पटकीच्या जंतूचा सीएआय-1 धरणारा भाग बसवला, पुढची तार ह्या विरजणाच्या स्वतःच्या संदेश-यंत्रणेला जोडली, आणि शेवटी बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर. उंदराच्या पोटात पटकी असेल तर विष्ठेत ते विकर उतरतं, आणि त्यात नायट्रोसेफिन घातलं की पिवळ्याचं लाल होतं. वर आणखी गंमत ही, की काहीही फेरफार न केलेलं साधं लॅक्टोकॉकससुद्धा लॅक्टिक आम्लाच्या जोरावर पटकीच्या जंतूला दाबून धरत होतं, कारण त्याला आंबट सोसत नाही.

हे सगळं उंदरांच्या पिल्लांत, हं. उद्या कुणी तुला "ताक प्या, पटकी टळेल" असं व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर पुढे ढकलू नकोस. पटकीत माणूस मीठ-साखरेच्या पाण्यानं वाचतो.

आता माझी कुरकुर. बीटा-लॅक्टमेज म्हणजे पेनिसिलीन तोडणारं विकर. ज्या गुणाला आपण औषधाला न जुमानणारे जंतू म्हणून घाबरतो, तोच गुण इथे दिवा म्हणून लावलेला. प्रयोगशाळेत ठीक आहे, पण असलं विरजण खेड्यापाड्यांत वाटायचं म्हटलं तर मी पहिली नाही म्हणेन. चीनमध्ये हेच विकर दुधात मिसळून अँटिबायोटिक लपवण्याचे प्रकार झालेले आहेत, आमच्या धंद्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तू शेवटचा तुकडा निवडशील तेव्हा रंगच घे, औषध तोडणारं काही नको. 2009 साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ई. कोलायला जांभळा, नारिंगी, तपकिरी असे रंग बनवायला लावले आणि आयजेमची स्पर्धा जिंकली. तुझ्याच वयाची पोरं होती ती.

अजून एक. फेरफार केलेला जिवाणू त्याला दिलेलं जनुक मनापासून सांभाळत नाही. प्लाझ्मिड म्हणजे त्याला भार. माध्यमात अँटिबायोटिकचा धाक असेपर्यंत बाळगतो, धाक गेला की हळूहळू टाकून मोकळा. शिवाय सीएआय-1 सारखा रेणू एकटी पटकीच सोडते असं नाही, त्याच कुळातले काही दुसरे व्हिब्रिओही सोडतात. म्हणजे लाल झालं म्हणून पटकीच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुझ्या व्हायवाला बाहेरचे परीक्षक हेच विचारणार, लिहून ठेव.

आणि कायदा. आपल्याकडे 1989 पासून जनुकीय फेरफार केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी नियम आहेत. आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग वर दिल्लीत आरसीजीएम, आणि उघड्यावर सोडायचं तर जीईएसी. तुझ्या कॉलेजात समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे फॉर्म भरायच्या आधी विचार. नुसतं "आहे गं" ह्यावर जाऊ नकोस, कागद बघ. आणि तुझी एकही बशी ऑटोक्लेव्ह न होता बाहेर जाता कामा नये, मग साफसफाईच्या मावशी कितीही घाईत असोत.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते. रोगजंतू ओळखणं ही आता तितकीशी अडलेली गोष्ट नाही. अडतं ते ओळख पटल्यावर.

गेल्या आषाढीच्या आधीची गोष्ट आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, आणि तिच्यामागे लहानमोठ्या दिंड्या. इथे गावात दिंडी उतरणार म्हणून टाकीच्या पाण्याची चाचणी केली. चाचणी साधी, ती काळी पडणारी बाटली. तुला माहीत हवी ती. 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी काढलेली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असले तर त्यांतले काही हायड्रोजन सल्फाइड सोडतात, ते पट्टीतल्या लोहाशी मिळून काळं होतं. कुठला जंतू ते कळत नाही, पण पाण्यात मैला शिरलाय की नाही ते एक-दोन दिवसांत कळतं, आणि त्याला डिग्री लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना अशा किटचं प्रशिक्षण दिलेलं आहे. आमच्या शेजारची वहिनी त्यातलीच. तिनं बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाईसारखी काळी.

पुढे काय झालं ऐक. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणारा जलसुरक्षक मेव्हण्याच्या लग्नाला गेलेला. पावडरीचं पोतं होतं, पण उघडं पडून दमट झालेलं, त्यात क्लोरीन कितपत उरला असेल देव जाणे. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची बाटली कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्या गावाचाही कारभार बघणाऱ्या साहेबांकडे. वहिनी काळी बाटली पदराखाली धरून ह्या घरातून त्या घरात. एक जण म्हणाला, "वरून चांगलं दिसतंय की पाणी." दुसरा म्हणाला, "दिंडी उतरायच्या वेळी असलं अभद्र बोलू नका." शेवटी तिनं आणि बचत गटातल्या बायकांनी मिळून दिंडीसाठी पाणी उकळलं, चुली पेटवून, आणि टाकीच्या नळाला फडकं बांधून ठेवलं. बाटली अगदी खरं बोलली होती गं. बाटलीत काहीच कमी नव्हतं.

म्हणून मी तुला सांगते, तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर जीन सर्किटची आकृती नको. हा रंग कोण बघणार, आणि बघितल्यावर तिच्या हातात काय असणार, हे पहिल्या पानावर हवं. ते लिहिता येत नसेल तर विषय बदल.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडवरून सुचलं. तू शाळेत असताना तुमची सहल किल्ल्याला आणि शनिशिंगणापूरला गेली, जामखेडला कुणी नेत नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले. दोघंही वेल्लोरला शिकलेले, मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांनी गावागावातल्या बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, आणि त्यांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायकांना मूल बघून त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे ओळखता येई: टाळू खोल गेलीय का, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच सपाट होते का. ओळखलं की तिथेच मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात. कुणाची किल्ली नाही, कुणाची सही नाही. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेतले गेले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागावं. सुरुवातीला त्या भागात हजारी 176 बाळं वर्षाच्या आत जात होती, पाचेक वर्षांत तो आकडा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे मिळालं. मेबल बाई 1999 ला गेल्या, डॉक्टर 2011 ला. प्रकल्प चालू आहे, तुझ्या पुण्याहून जामखेडला एसटी आहे. प्रोजेक्टचं माध्यम बनवायला घेण्याआधी एक चक्कर मार आणि त्या बायकांशी बोल. वहीत त्यांचे प्रश्न लिहून आण.

आता अगदी कामाचं. सर्किट मुळापासून बांधायच्या फंदात एमएस्सीला पडू नकोस. तुझ्याकडे दोन सेमिस्टर, प्रायमर यायला आठवडे, आणि एन्झाइमची ऑर्डर अकाउंट सेक्शनमध्ये अडकणार. त्यापेक्षा सीव्ही026 मागव. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचा हा बदललेला वाण 1997 पासून जगभर वापरतात. त्याला स्वतःचा संदेशरेणू बनवता येत नाही, पण बाहेरून मिळाला की तो झकास जांभळा होतो. बशीत त्याची रेघ ओढायची, शेजारी संशयिताची रेघ, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं जांभळा कुठून कुठपर्यंत चढलाय. विहिरीच्या पाण्यातला एरोमोनास हायड्रोफिला, जो जुलाब आणि जखमा दोन्ही करतो, आखूड शेपटीचा संदेशरेणू सोडतो, त्याला हा वाण ओळखतो. लांब शेपटीचा रेणू असेल तर मात्र नाही. आणि आपल्या दगडीतला स्टॅफिलोकॉकस तर वेगळ्याच भाषेत, पेप्टाइडमध्ये बोलतो, त्याच्यापुढे हा मुका. हे सगळं मांडलंस तरी चांगला प्रबंध होतो.

सीव्ही026 हा क्रोमोबॅक्टेरियमच आहे हे विसरू नकोस. माणसाला क्वचितच होतो पण झाला तर वाईट होतो. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी बशी उघडू नको.

आणि स्टॅफिलोकॉकसचाच ध्यास घेतलास, गोठ्यातल्या बायकांच्या हातात काही द्यायचं म्हणून, तर तेही चालेल, पण पीएचडीला. त्याच्या पेप्टाइडला ओळखणारा लॅक्टोबॅसिलस 2018 साली तयार झालेला आहे, म्हणजे रस्ता बंद नाही. फक्त त्यात दुधाचा प्रश्न आहे: दूध पांढरं, स्निग्ध, त्यात शंभर जंतू आधीच. पाण्यात चालणारं दुधात चालत नाही हे माझ्याकडून शिक, फी घेणार नाही.

दर बशीला एक रेघ अशी ठेव की जी जांभळी व्हायलाच हवी, आणि एक अशी की जी होताच कामा नये. निकाल मनासारखा आला त्या दिवशी तर नक्की ठेव. रजिस्टर पेनानं लिही, खाडाखोड एका रेघेत, तारीख टाकून. रात्री उशिरापर्यंत लॅबला थांबायचं झालं तर एकटी थांबू नको, आणि होस्टेलच्या रेक्टर बाईंना लेखी देऊन ठेव, नाहीतर दोन महिन्यांनी तुलाच ऐकून घ्यावं लागेल.

स्थळाचं मी आईशी बोलते. तिला "जंतूंना कान बसवायचे आहेत" वगैरे काही सांगू नकोस, तिची झोप उडेल. विरजणावर काम करतेय एवढं सांग, ते तिला पटेल. दादाला पैशाचं मी बघते म्हणून सांगितलंय, तेव्हा फेलोशिपच्या फॉर्मची तारीख हुकवू नको. उद्या गाइडना दोनच गोष्टी विचार, समिती आणि सीव्ही026. काय म्हणाले ते रात्री नऊनंतर कळव, त्याआधी संध्याकाळचे टँकर येत असतात, मला फोन घेता येत नाही.